राखलेले हात

मिठागरात हात राखणं ही चैन होती, आणि ती चैन त्या एका घरानं तीस वर्षं सोसली.

मीठ ओढणाऱ्याचे हात एकदा बघितले की विसरत नाहीत. पेरांवर चिरा, चिरांत मीठ, आणि तळव्याची कातडी इतकी निबर की अंघोळीचं पाणी गरम आहे की गार हे कळायला कोपर बुडवावं लागतं. सुईणमावशीचे हात मात्र तसे नव्हते. ती लग्न होऊन या घरात आली त्याच वर्षी तिच्या सासूनं, तीही सुईणच, तिला बजावलं होतं, "खाऱ्या पाण्यात हात घालायचा नाही. बाईच्या अंगात जायचे हात आहेत हे. चिरलेला, पिकलेला हात आत गेला तर आईही जाते आणि आपलं नावही जातं." तेव्हापासून मावशी स्वयंपाक करी, गोड्या पाण्याच्या कळश्या आणी, फाटकी पोती शिवी, पण मिठाच्या वाफ्यात उतरत नसे. दिवस कलला की हातांना तेल चोळी, नखं बघे. तिच्या वाटणीचं मीठ आधी नवऱ्यानं ओढलं, मग मुलानं, आणि गेली दोन वर्षं सुनेनं.

कुणी कुरकुर केली नाही, कारण मिठागरावरच्या सगळ्या झोपड्यांतली पोरं याच हातांवर आली होती. मुकादम मजुरांना नावानं हाक मारत नसे, तोही तिला मावशी म्हणे. त्याची तिन्ही लेकरं तिनंच काढली होती, आणि मधलं तर पायाळू.

बारा वर्षांपूर्वी पहिला प्रकल्प आला. प्रकल्प म्हणजे काय हे तोवर मिठागरात कुणाला माहीत नव्हतं. एक उंच परदेशी बाई आणि तिचं बोलणं उलगडून सांगणारा एक माणूस आला. बाईनं दहा गावच्या सुइणी गोळा केल्या, कापडाची बाहुली घेऊन बाळंतपण शिकवलं. म्हणजे मावशीला शिकवलं! ती आपली गप्प बसून बघत राहिली, आणि मग बाहुलीच्या गळ्यात दोऱ्याचा वेढा घालून म्हणाली, "आता हे कसं सोडवायचं ते दाखवा." बाई हसली, आणि दाखवायला मावशीलाच सांगितलं. मावशीनं दोन बोटं घालून वेढा डोक्यावरून उतरवला. परदेशी बाईनं तिचे हात हातात घेतले, उलटसुलट करून बघितले आणि फोटो काढला. उलगडून सांगणारा म्हणाला, "बाई म्हणतायत, अशा हातांवरच आमची सगळी भिस्त आहे." जाताना पत्र्याची एक पेटी दिली. तीत साबण, ब्लेडं, दोरा, प्लॅस्टिकचं कापड होतं. मावशीनं ती पेटी देवासारखी जपली.

मग तो प्रकल्प संपला, कसा आणि का हे कुणी सांगितलं नाही. काही वर्षांनी दुसरा आला. त्याची गाडी वेगळ्या रंगाची होती आणि त्याचं म्हणणं बरोबर उलटं होतं. घरची बाळंतपणं बंद, सुइणींनी हात लावायचा नाही, सगळ्या बायकांना आरोग्य केंद्रात आणायचं. पेटी परत मागितली. मावशीच्या छातीवर एक बिल्ला लावला आणि सांगितलं, "आता तुम्ही सोबतीण. फोन करायचा, गाडी येईल, तुम्ही बरोबर यायचं." कागदावर अंगठा घेतला. घरी जन्मलेल्या पोराला जन्माची चिठ्ठी मिळणार नाही, असंही वाचून दाखवलं.

लोकांना वाटलं मावशी भांडेल. ती भांडली नाही. तिनं मनापासून अंगठा दिला. तीस वर्षांत दोन बायका तिच्या डोळ्यांदेखत रक्त जाऊन गेल्या होत्या. दुसरीच्या वेळी ती सकाळपर्यंत मूठ दाबून बसली होती आणि मुठीखालून रक्त वाहतच होतं. "तिथं सुई असते म्हणे रक्त थांबवायची," ती म्हाताऱ्याला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, म्हणाली. "माझ्याकडं काय आहे? नुसते हात."

तरी तिनं संध्याकाळी तेल चोळायचं सोडलं नाही, आणि ती वाफ्यातही उतरली नाही. का, ते तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनंही स्वतःला विचारलं नाही.

*

त्या वर्षी हंगाम संपायला महिना असताना आभाळ भरून यायला लागलं. दुनिया पावसाकडं डोळे लावून बसते, मिठागराचे लोक त्याला शिव्या देतात. एक सर आली तर वाफ्यातलं मीठ विरघळतं, आणि पाच महिने उन्हात काढलेली पाठ फुकट जाते. मुकादम बांधावर उभा राहून ओरडून गेला, "आठ दिवसांत सगळं वर काढा. मग रडत येऊ नका माझ्याकडं."

घरात फळ्या ओढणारे तिघं. म्हातारा, मुलगा आणि सून. लांब दांड्याची लाकडी फळी वाफ्याच्या तळाशी टेकवायची, कंबर वाकवून आपल्याकडं ओढायची, की मीठ खरवडत येतं. सुनेचे दिवस भरत आले होते. पोट मध्ये येई म्हणून ती दांडा काखेत धरून तिरकी उभी राही आणि एका कुशीनं ओढी. पाय घोट्यापर्यंत पाण्यात, आणि घोटे इतके सुजलेले की बोट दाबलं तर खळगा तसाच राही. वीस वर्षांची पोर, पहिलटकरीण.

त्याच दुपारी केंद्रातली नर्सबाई चपला हातात घेऊन बांधावरून चालत आली. वस्त्या हिंडत चार तास पायपीट करून आलेली, घामानं निथळत होती. तिनं सुनेला झोपडीत निजवून पोट चाचपलं, पाय दाबून बघितले, आणि बाहेर येऊन म्हणाली, "आजच हिला माझ्याबरोबर पाठवा. केंद्रात वाट बघायची खोली बांधली आहे. खाट आहे, दोन वेळचं जेवण आहे. कळा सुरू होईपर्यंत राहायचं, बस्स."

मुलगा आभाळाकडं बघत म्हणाला, "बाई, चार दिवस द्या. मीठ वर आलं की मी स्वतः पोचवतो."

"मीठ थांबेल. पोर थांबत नसतं."

"मीठ पण थांबत नसतं, बाई," म्हातारा म्हणाला.

नर्सबाई मावशीकडं वळली. "मावशी, तुम्ही सांगा. तुम्ही सोबतीण आहात."

सगळे मावशीकडं बघायला लागले. सून दारात उभी होती, कमरेवर हात ठेवून. तीही बघत होती, आणि तिला जायचं होतं हे तिच्या तोंडावर लख्ख दिसत होतं. मावशीनं वाफ्यांकडं बघितलं. सून गेली तर दोन फळ्या उरतात. भिंतीला टेकून ठेवलेली चौथी फळी तिची स्वतःची होती, लग्नात घरानं करून दिलेली, आणि तिला अजून पाणी लागलं नव्हतं.

"पहिलटकरीण आहे," मावशी म्हणाली. "पुढंच जाईल. चार दिवसांत काही होत नाही."

तिचा अंदाज सहसा चुकत नसे.

"बघा हं," नर्सबाई म्हणाली. "वेळ आलीच तर फोन करा, गाडी येईल. पण हात लावू नका, मावशी. पलीकडच्या वस्तीतल्या सुइणीला पोलिसांनी नेलं, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं.

संध्याकाळी मावशी तेलाची वाटी घेऊन बसली. सून शेजारी येऊन टेकली. तिचे हात फाटून लाल झाले होते. ती हसून म्हणाली, "आत्याबाई, आता कशाला राखता हो हात? आता तर लावायचाच नाही कुणाला."

"सवय गं," मावशी म्हणाली.

"मग माझ्या पण हाताला लावा की थोडं."

मावशीनं तिचे दोन्ही हात मांडीवर घेतले आणि एकेका बोटाला तेल लावलं. चिरेत तेल गेलं की सून स्स करी आणि पुन्हा हसे. इतकी साधी पोर ती, तिनं टोमणा मारला नव्हता. मावशीला मात्र तो लागला.

*

चौथ्या दिवशी सकाळी सून वाफ्यात असतानाच तिचं पाणी गेलं. खाऱ्या पाण्यात उभी होती म्हणून तिला आधी कळलंच नाही. मग कळ आली आणि तिनं फळी सोडली.

मावशीनं फोन लावला. गाडीवाल्यानं उचलला. मागं बऱ्याच गाड्यांचा आवाज होता.

"आज गाडी नाही, मावशी. पाहुणे आलेत परदेशातून, पैसे देणारे. त्यांना आणायला आलोय. दोन गाड्या कमी पडल्या म्हणून आमची पण घेतली."

"अरे, पहिलटकरीण आहे."

"दुपारी येतो ना! पहिलटकरणीला वेळ लागतो, तुम्हीच सांगता."

मीठ वाहायच्या हातगाडीवर पोती अंथरली आणि सुनेला निजवलं. मुलानं पुढून दांडी धरली, म्हातारा मागून लोटू लागला, मावशी बाजूनं चालू लागली, बिल्ला लावून. बांध अरुंद, खडबडीत, चाक दगडावर चढलं की सून ओरडे. मुकादम वाटेत उभा होता. गाडी जाऊ देण्यासाठी तो बाजूला सरला आणि म्हणाला, "मावशी आहे बरोबर. मग काय काळजी!"

समुद्राचं पाणी आत घ्यायच्या दारापाशी पोचले तेव्हा अर्धी वाट झाली होती. तिथं बांध उंच आहे. तिथून केंद्राचं पांढरं छप्पर दिसतं. सुनेनं एकदम मावशीचं मनगट धरलं.

"आत्याबाई, खाली आलं. थांबवा गाडी."

मावशीनं कपडा वर करून बघितलं. डोकं दिसत होतं, रुपयाएवढं, काळ्या ओल्या केसांचं. तिचे हात आपोआप पुढं झाले. तीस वर्षांची सवय. तिथंच, बांधावर, पोती होती, पाणी होतं, ती होती. पाव तासाचं काम.

आणि तिनं हात मागं घेतले.

तिला पोलिसांची भीती वाटली, चिठ्ठीची वाटली, हे खरं. पण सगळ्यात जास्त तिला त्या मुठीखालून गेलेल्या रक्ताची भीती वाटली. पोर इथं होईल, आणि मग रक्त सुटलं तर? सुई तिकडं, पांढऱ्या छपराखाली. ते छप्पर दिसत होतं हाच घात झाला. दिसत नसतं तर तिनं हात लावला असता.

"हात लावा, आत्याबाई."

"ते बघ, आलंच केंद्र. जोर करू नकोस."

"मला नाही राहवत हो!"

"मांड्या आवळून धर. तोंडानं श्वास घे. कळ धरून ठेव, बाई, धरून ठेव. चला रे, पळा!"

आणि त्या पोरीनं धरून ठेवली. सासू सांगते, सुईण सांगते, म्हणून तिनं ओठ फुटेपर्यंत दात रोवून, गाडीच्या कडा धरून कळ धरून ठेवली. मुलगा आणि म्हातारा पळत होते. म्हाताऱ्याच्या छातीचा भाता झाला होता. अर्धा तास लागला.

केंद्राच्या फाटकावर झेंडे लावले होते. फाटकाच्या बाजूला भिंतीएवढा मोठा फलक होता आणि त्यावर दोन हात. तेल लावलेले, नखं कापलेले, ओंजळीसारखे धरलेले. मावशीनं एकदा बघितलं आणि ओळखले. बारा वर्षांपूर्वीचे होते, एवढंच.

पहारेकरी धावत आला. "इथं नाही, इथं नाही! मागच्या दारानं या. गाडीनं फलक झाकला जातोय."

"अरे, बाळंत होतेय ती!"

"मग मागून या ना लवकर. सगळे आत सभेत आहेत, नर्सबाई पण. बाळंतपणाच्या नव्या खोलीचं उद्घाटन व्हायचंय अजून, कुलूप आहे."

गाडी वळवायला जागा नव्हती. मुलगा दांडी ओढत होता, पहारेकरी ढकलत होता, आणि तेवढ्यात सुनेच्या तोंडातून एक असा आवाज आला की आतली भाषणं थांबली. डोकं बाहेर आलं होतं. मानेभोवती नाळेचे दोन वेढे, घट्ट.

आता मावशीनं हात घातले. दोन बोटं, एक वेढा, दुसरा वेढा, खांदा, आणि पोर तिच्या ओंजळीत. मुलगा होता. निळाकाळा, अंगानं भरलेला, सगळं जागच्या जागी. तिनं पाठ चोळली, तोंडात बोट घालून साफ केलं, तोंडाला तोंड लावून फुंकलं. नर्सबाई सभेतली कडक इस्त्रीची साडी सावरत धावत आली, बाळाला श्वास द्यायचा रबरी फुगा घेऊन आली, ती तिथंच मातीत गुडघे टेकून बसली आणि फुगा दाबत राहिली. बराच वेळ. मग तिनं फुगा खाली ठेवला.

सुनेला रक्त सुटलं नाही. सुई लागलीच नाही.

पाहुणे बाहेर येऊन उभे होते. त्यांच्यातल्या एका बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, खोटं नव्हतं ते. तिनं मावशीच्या खांद्यावर हात ठेवला, छातीवरच्या बिल्ल्याकडं बघितलं आणि काहीतरी बोलली. उलगडून सांगणारी मुलगी म्हणाली, "बाई म्हणतायत, तुम्हाला फार दुःख झालं असेल. पण तुम्ही घरी काही न करता इथपर्यंत आणलंत, हे अगदी बरोबर केलंत."

मावशीचे हात अजून भरलेले होते. ते तिनं समोर धरले होते, कुठं पुसावेत ते तिला कळत नव्हतं. मागं फलकावरचे हातही तसेच होते, फक्त स्वच्छ.

*

चार दिवसांनी नर्सबाई नोंदवही घेऊन आली. तिचेही डोळे सुजलेले होते.

"मावशी, दोनच रकाने आहेत. घरी, नाहीतर केंद्रात. घरी लिहिलं तर तुमच्यावर येतं. केंद्रात लिहिलं तर माझ्यावर. वाटेत असा रकानाच नाही."

"मग?" मुलानं विचारलं.

"आई वाचली ती केंद्रात लिहिलीय. 'सुरक्षित आई' या यादीत." तिनं वही मिटली. "बाळाचं काही लिहिलं नाही."

"म्हणजे ते झालंच नाही," आतून सून म्हणाली.

सून भिंतीकडं तोंड करून पडली होती. छाती दगडासारखी झाली होती आणि दूध झिरपून अंगावरचा कपडा ओला होई, वाळून कडक होई, पुन्हा ओला होई. नर्सबाई गेल्यावर मावशी तेलाची वाटी घेऊन तिच्या उशाशी बसली. छातीला तेल लावून शेकावं म्हणून तिनं हात पुढं केला. सुनेनं तो हात धरला, उजेडात नेऊन बघितला, आणि विचारलं,

"आत्याबाई, हात राखले कशासाठी?"

या वेळी ती हसली नव्हती.

मावशीनं वाटी खाली ठेवली. मग ती उठली, भिंतीला टेकलेली चौथी फळी घेतली आणि वाफ्यात उतरली. म्हातारा म्हणाला, "अगं, काय करतेस?" तिला फळी धरताही येत नव्हती. शेजारच्या वाफ्यातला पंपवाला आणि त्याची गरोदर बायको काम थांबवून बघत राहिली.

ढग तर तसेच निघून गेले. एक थेंब पडला नाही. ज्या मिठासाठी चार दिवस घाई केली ते महिनाभर आरामात निघत राहिलं. माणसाची अशी थट्टा आभाळानंच करावी! मावशी रोज पहाटे वाफ्यात उतरे. पहिल्या आठवड्यात फोड आले, दुसऱ्या आठवड्यात फुटले, त्यात मीठ गेलं, बोटांच्या बेचक्यांत पू धरला. ती कुणाला दाखवत नसे आणि तेल लावत नसे. सुनेला तिनं घरातच ठेवलं. स्वयंपाक, गोडं पाणी, फाटकी पोती. दोघींत कामापुरतं बोलणं होई.

महिन्यानं पाऊस खरंच आला. ढिगांवर झाकणं पडली, बांध चिखलानं भरला. दुसऱ्या दिवशी दुपारी पंपवाला चिखलात घसरत, पडत आला.

"मावशी, चला. सकाळपासून कळा आहेत. गाडीवाला म्हणतो चिखलात यायची नाही. हातगाडीचं चाक पण रुततंय. चला लवकर."

मावशीनं त्याच्यासमोर दोन्ही हात उघडले. चिरलेले, पिकलेले, कडेनं काळे पडलेले.

"हे आत घालू?"

पंपवाला बघत राहिला. मग मटकन खाली बसला, आणि मोठा बाप्या माणूस लहान मुलासारखा रडायला लागला.

चुलीपाशी बसलेली सून उठली. तिनं साबण घेतला, गोड्या पाण्याची कळशी कलती केली आणि हात धुवायला लागली. कोपरापर्यंत, नखांतून, बोटांच्या मधून. तसं करताना तिनं सासूला कितीदा तरी बघितलं होतं. महिनाभर खाऱ्या पाण्यात न गेलेले तिचे हात मऊ झाले होते, चिरा भरून आल्या होत्या.

मावशी तिच्याकडं बघत होती. "मी शेजारी बसते," ती हळूच म्हणाली. "सांगते तसं तसं कर. दोन बोटं..."

"सांगा," सून म्हणाली. ओले हात तिनं वर धरले, कशालाही लागू न देता, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं. मग थांबली, पण मागं वळली नाही.

"सगळं सांगा, आत्याबाई. फक्त तिला कळ धरून ठेव म्हणून सांगायचं नाही."